बाळ रडले, की कोण उठते?

१४ जुलै २०२३ रोजी मियाझाकी हायाओ यांचा ‘किमिताची वा दो इकिरु का’ हा चित्रपट जपानभर प्रदर्शित झाला. ‘तुम्ही कसे जगणार?’ असा त्या नावाचा अर्थ. प्रदर्शनापूर्वी त्याची ना जाहिरात झाली, ना झलक दाखवली गेली. बगळ्याचे चित्र असलेले एक भित्तिपत्रक, एवढेच काय ते लोकांसमोर आले होते. प्रेक्षकाने कोऱ्या मनाने यावे आणि गोष्ट स्वतः शोधावी, असा निर्मात्यांचा हेतू होता. त्याच आठवड्याच्या शेवटी मी, पत्नी आणि आमची आठ महिन्यांची लेक असे तिघे तो पाहायला गेलो. चित्रपट दोन तास चार मिनिटांचा. मी तो संपूर्ण पाहिला. पत्नीने पहिली वीस मिनिटे पाहिली. उरलेला वेळ ती बाहेरच्या गालिच्यावर बाळाला कडेवर घेऊन येरझाऱ्या घालत होती.

परतीच्या गाडीत मी उत्साहाने तिला कथा सांगू लागलो. युद्धकाळातील आगीत आई गमावलेला तो मुलगा, तो बोलणारा बगळा, ते जुने मनोऱ्यासारखे घर. दोन स्थानके जाईपर्यंत तिने ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाली, “जी गोष्ट त्यांनी साऱ्या जपानपासून लपवून ठेवली, ती तू मला गाडीत सांगतो आहेस. मला गोष्ट ऐकायची नव्हती. मला चित्रपट पाहायचा होता.”

मी मनातल्या मनात हिशेब केला. बाळ झाल्यापासून आम्ही तीन चित्रपटांना गेलो होतो. तिन्ही वेळा बाळ रडले होते आणि तिन्ही वेळा तीच उठली होती. मी कधी तिला ‘तू जा’ म्हटले नव्हते. तसे म्हणण्याची वेळच आली नव्हती. बाळाचा पहिला हुंदका ऐकू येताच ती उठे आणि मी पाय बाजूला घेऊन तिला वाट करून देई. वाट करून दिली, एवढ्यावर मी स्वतःला समजूतदार पती मानत होतो.

आपल्यापैकी अनेक कुटुंबांत आज लहान बाळे आहेत. बाळाला घेऊन चित्रपटाला जावे की नाही, जावे तर कसे, असा प्रश्न स्नेहमेळाव्यांत अनेकदा निघतो. बाबागाडी कुठे ठेवावी, दूध कुठे पाजावे, ही माहिती या लेखात आहेच. पण त्याआधी हा एक प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा, असे मला वाटते: बाळ रडले, की कोण उठते?

माहेर नसलेले बाळंतपण

जपानमध्ये बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची रीत आहे. तिला ‘सातोगाएरी’ म्हणतात. आपल्याकडच्या रीतीशी ती इतकी जुळते, की शेजारच्या आजींनी पहिल्यांदा ती समजावून सांगितली तेव्हा आम्हांला हसू आले. बाळाला पहिला महिनाभर फारसे बाहेर न नेण्याचा येथील प्रघातही आपल्या सव्वा महिन्याची आठवण करून देणारा. समाज वेगळा, भाषा वेगळी. पण बाळंतिणीला विसावा हवा आणि तिच्याभोवती माणसे हवीत, हे शहाणपण दोन्हीकडे सारखेच.

परदेशी कुटुंबाला मात्र हे माहेर लाभत नाही. आमची लेक नोव्हेंबर २०२२ मध्ये जन्मली. सासूबाई आल्या, त्या अल्पमुदतीच्या व्हिसावर. त्याचे नव्वद दिवस संपले आणि फेब्रुवारीच्या थंडीत त्या परत गेल्या. त्यानंतर सकाळी आठ ते रात्री नऊ या वेळात आमच्या दोन खोल्यांच्या घरात एक स्त्री आणि एक तान्हे बाळ, एवढीच वस्ती उरली. जपानी भाषेत या अवस्थेला ‘वान-ओपे इकुजी’ असा शब्द आहे. रात्रपाळीला एकाच कामगारावर चालणाऱ्या खाणावळींवरून तो आला. गिऱ्हाईकही त्यानेच पाहायचे, स्वयंपाकही त्यानेच करायचा, भांडीही त्यानेच घासायची. बाळाचे संगोपन तसे एकटीवर पडले, की ते ‘वान-ओपे’.

अशा दिवसांत चित्रपटाची ओढ का लागते, हे मला उशिरा कळले. आम्ही २०१६ मध्ये येथे आलो. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा मराठी चित्रपट ‘साबाकी’ या जपानी नावाने येथे प्रदर्शित झाला आणि शिबुयातील युरोस्पेस या चित्रपटगृहात आम्ही तो पाहिला. पडद्यावर नारायण कांबळे हा लोकशाहीर गात होता, जपानी प्रेक्षक खालची अक्षरे वाचत होते आणि आम्ही दोघे ती अक्षरे न वाचता आपली भाषा ऐकत होतो. बाहेर पडल्यावर स्थानकापर्यंतची वाट आम्ही भांडत पार केली. न्यायालयावर, शाहिरावर, शेवटच्या दृश्यावर. तसे भांडण पुन्हा व्हावे, एवढीच पत्नीची इच्छा होती. दोन तास अंधारात बसावे, कुणाची तरी गोष्ट पाहावी आणि मग तिच्याविषयी मोठ्या माणसाशी मोठ्या माणसासारखे बोलावे. ही चैन आहे असे ज्याला वाटते, त्याने तीन महिने फक्त बाळाशी बोलून पाहावे.

तंबूतला प्रेक्षक

आमच्या लहानपणी बाळ हा सिनेमाच्या वाटेतला अडसर नव्हता. मराठवाड्यातील आमच्या वस्तीत जयंतीच्या आठवड्यात दोन बांबूंना पांढरे कापड ताणून जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ दाखवला जाई. सुमारे तीन तासांचा तो चित्रपट पाहायला बाया घरातली सगळी पोरे घेऊन येत. पुढे चटया, मागे खाटा, कडेला उभे तरुण. एखादे बाळ रडले, तर ते एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जाई. तिसऱ्या मांडीपर्यंत बहुधा झोपलेले असे. महाड आणि काळाराम मंदिराच्या प्रसंगांना मोठी माणसे गप्प होत आणि बाळे रडतच राहत. त्याबद्दल कुणी कुणाला उठून जा म्हटल्याचे मला आठवत नाही.

जत्रांतील तंबूंतही हेच चित्र असे. महाराष्ट्रातील या फिरत्या सिनेमांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला आणि २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. तो पाहताना माझी आजी सांगत असे ते सारे समोर आले: जमिनीवरची बैठक, बायकांची आणि पुरुषांची वेगळी बाजू, यंत्राची घरघर आणि त्या साऱ्यात दुपट्यात निजलेली बाळे.

पण आठवणीला सोन्याचा मुलामा देऊ नये. बायकांची बाजू वेगळी असे, याचा अर्थ सगळी बाळेही त्याच बाजूला असत. मांड्या बदलत, पण त्या साऱ्या बायकांच्याच. पलीकडच्या बाजूला पुरुष निर्वेधपणे पिक्चर पाहत. वस्तीने बाळाला सामावून घेतले होते, ही तिची थोरवी खरीच. मात्र ते सामावून घेण्याचे कष्ट कुणाचे होते, हे मी परदेशातल्या एका गालिच्यावरच्या येरझाऱ्या पाहून शिकलो.

शांतता तरी किती जुनी?

जपानी चित्रपटगृहातील शांततेचा नवख्या आईबापांना धाक वाटतो. येथे कुणी बोलत नाही, भ्रमणध्वनीचा प्रकाशही खपत नाही आणि चित्रपट संपल्यावर श्रेयनामावलीची शेवटची ओळ सरेपर्यंत बहुतेक प्रेक्षक जागचे हलत नाहीत. अशा ठिकाणी आपले बाळ रडले, तर साऱ्या देशाची मान खाली गेल्यासारखे आपल्याला होते. परदेशी म्हणून आपल्याकडे आधीच लक्ष असते, ही भावना त्यात भर घालते.

परंतु ही शांतता काही सनातन नव्हे. मूकपटांच्या काळात जपानी चित्रपटगृहांत पडद्याशेजारी ‘बेन्शी’ उभा राहून सारी पात्रे बोलून दाखवी. लोक चित्रपटाइतकेच बेन्शीसाठी येत. १९१७ मध्ये टोकियोच्या पोलिसांनी चित्रपटगृहांसाठी नियम केले. त्यांत पुरुषांच्या, स्त्रियांच्या आणि सोबत आलेल्या कुटुंबांच्या जागा वेगळ्या केल्या गेल्या. मुलांनी कोणते चित्रपट पाहावेत यावरही बंधने आली. म्हणजे कुणी कुठे बसावे, हे नियम माणसांनी केले आणि पुढे माणसांनीच बदलले.

आजही ते बदलत आहेत आणि त्यात आपल्या देशाच्या चित्रपटांचा वाटा आहे, हे सांगताना आनंद होतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये राजामौली यांचा ‘आरआरआर’ येथे लागला आणि जपानमध्ये सर्वाधिक उत्पन्न मिळवणारा भारतीय चित्रपट ठरला. त्याच्या ‘मसाला’ खेळांना जपानी प्रेक्षक घोषणा देत, डफ-खंजिऱ्या वाजवत, कागदाचे तुकडे उधळत. एरवी शिंकतानाही संकोचणारी माणसे मोकळेपणाने ओरडताना पाहिली, की पटते: शांतता हा त्या खेळाचा करार असतो. तो वेगळ्या खेळासाठी वेगळा करता येतो. (तान्ह्या बाळाला मात्र मसाला खेळाला नेऊ नये. तेथील गोंगाट त्याच्या कानांसाठी नाही.)

बाळासाठी केलेली जागा

बाळांसाठी असा वेगळा करार जपानी चित्रपटगृहांनीही केला आहे. तोहो सिनेमाज या साखळीने ‘ममाज क्लब थिएटर’ या नावाने आणि युनायटेड सिनेमाजने ‘दाक्को दे सिनेमा’, म्हणजे ‘कडेवर घेऊन सिनेमा’, या नावाने असे खास खेळ चालवले. कल्पना साधी आहे. दिवे पूर्ण मालवायचे नाहीत, आवाज कमी ठेवायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असते, की येथे बाळे रडणार. ब्रिटनमध्ये पिक्चरहाऊस या साखळीचे असेच खेळ ‘बिग स्क्रीम’ या नावाने ओळखले जातात. हे खेळ बहुधा कामाच्या दिवशी सकाळी असतात आणि सर्व ठिकाणी नसतात. म्हणून आपल्या भागातील चित्रपटगृहाचे महिन्याचे वेळापत्रक पाहून ठेवावे.

अशा एका खेळाला आम्ही गेलो, तेव्हा सभागृहात तीसेक बाळे असावीत. पहिली दहा मिनिटे रडण्याची लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मग कुणी दूध पिऊ लागले, कुणी झोपले, कुणी पायऱ्यांवर रांगू लागले. पत्नी त्या दिवशी एकदाही ‘सुमिमासेन’ म्हणाली नाही. घरापासून चित्रपटगृहापर्यंत उद्वाहनात, फलाटावर, दुकानात हा क्षमायाचनेचा शब्द तिच्या तोंडी सतत असे. तो दोन तास गळून पडलेला मी पाहिला.

एक गोष्ट मात्र खटकली. त्या सभागृहात मी धरून चार-पाच पुरुष होते. वडिलांना मज्जाव मुळीच नव्हता. पण कामाच्या दिवसाची सकाळ आणि नावातली ‘ममा’ या दोन्हींनी ही जागा कुणाची, हे ठरवून टाकले होते. वस्तीतल्या त्या बायकांच्या बाजूची मला आठवण झाली.

दुसरी वाट मला अधिक भावली. टोकियोच्या किता प्रभागात ताबाता स्थानकाजवळ ‘सिनेमा चुप्की ताबाता’ नावाचे वीस आसनांचे चिमुकले चित्रपटगृह आहे. लोकवर्गणीतून ते २०१६ मध्ये उभे राहिले. ‘चुप्की’ हा आयनू भाषेतला शब्द. सूर्याचा, चंद्राचा निसर्गदत्त प्रकाश असा त्याचा अर्थ. येथे प्रत्येक आसनाला कर्णयंत्र जोडण्याची सोय आहे आणि त्यातून दृष्टिहीन प्रेक्षकाला दृश्याचे वर्णन ऐकता येते. कर्णबधिरांसाठी जपानी चित्रपटांनाही जपानी अक्षरपट्टी असते. चाकांच्या खुर्चीला जागा आहे. आणि बाळासह आलेल्या पालकांसाठी आवाज बाहेर न जाणारी एक वेगळी छोटी खोली आहे. काचेतून पडदा दिसतो. बाळ कितीही रडले तरी बाहेरच्यांना त्रास होत नाही. आत बसताना मला जाणवले, की या चित्रपटगृहाने अंध, बधिर, अपंग आणि तान्हे बाळ यांच्यासाठी वेगवेगळे दिवस काढलेले नाहीत. सर्वांनी एकाच वेळी, एकाच छपराखाली, एकच चित्रपट पाहावा, असे ठरवून मग भिंती, तारा आणि काचा बसवल्या आहेत. सार्वजनिक जागा सर्वांची असावी, हा विचार ज्यांना वारशाने मिळाला आहे, त्यांनी एकदा तरी येथे जावे. अक्षरपट्टीमुळे जपानी शिकणाऱ्यांचाही फायदा होतो, हा वरचा लाभ.

निघण्यापूर्वी

अनुभवाने शिकलेल्या काही गोष्टी येथे नोंदवतो.

पहिली गोष्ट वयाची. येथे बाळाचे लसीकरण दोन महिन्यांपासून सुरू होते. त्यातील सुरुवातीच्या लसी होईपर्यंत गर्दीची बंद जागा टाळावी आणि शंका असल्यास बालरोगतज्ज्ञांना विचारावे. तीन ते सात महिने हा काळ आम्हांला सर्वांत सोपा वाटला, कारण बाळ दूध पिऊन झोपते आणि अजून रांगत नाही. आठव्या महिन्यानंतर ते स्वतःच प्रेक्षक होऊ लागते आणि समोरच्या आसनावरच्या माणसाचे केस त्याला पडद्यापेक्षा अधिक रंजक वाटतात.

दुसरी गोष्ट कानांची. जागतिक आरोग्य संघटनेने वैयक्तिक श्रवणसाधनांसाठी आठवड्याला चाळीस तास धरून प्रौढांना ८० डेसिबल आणि मुलांना ७५ डेसिबल ही सुरक्षित पातळी सुचवली आहे. चित्रपटातील मारामारीची आणि स्फोटांची दृश्ये याच्या कितीतरी पुढे जातात. म्हणून नेहमीच्या खेळाला जायचे असेल, तर संथ चित्रपट निवडावा, बाळाच्या मापाचे कान झाकणारे मऊ कर्णरक्षक न्यावेत आणि भिंतीवरच्या स्पीकरपासून दूर बसावे. बाहेर जाण्याच्या दाराजवळची, रांगेच्या टोकाची दोन आसने सर्वांत उत्तम. तिकीट काढताना पडद्याऐवजी दाराचे अंतर पाहावे.

तिसरी गोष्ट नियमांची. मोठ्या साखळ्यांत तीन वर्षांखालील मूल मांडीवर बसत असेल, तर त्याला तिकीट लागत नाही. चित्रपटाचे वर्गीकरण एइरिन ही संस्था करते: जी, पीजी१२, आर१५+ आणि आर१८+. यातील आर१५+ चित्रपटाला कडेवरचे झोपलेले बाळही चालत नाही. त्याला काही कळत नाही, हा युक्तिवाद तिकीटखिडकीवर उपयोगी पडत नाही. टोकियोत रात्री अकरानंतर संपणाऱ्या खेळाला अठरा वर्षांखालील कुणालाही, पालक सोबत असले तरी, प्रवेश नसतो. अर्थात बाळाच्या दृष्टीने सकाळचा पहिला खेळच बरा. गर्दी कमी असते आणि बाळही ताजेतवाने असते.

चौथी गोष्ट वाटेची. २०१४ मध्ये जपानच्या भूमी-वाहतूक मंत्रालयाने पुढाकार घेऊन रेल्वे आणि बसमध्ये बाबागाडी न घडी करता नेता येईल, असे धोरण जाहीर केले आणि त्यासाठी एक समान चिन्ह आणले. ज्या डब्यात ते चिन्ह असेल, तेथे निःसंकोच उभे राहावे. मॉलमधील चित्रपटगृह निवडल्यास दूध पाजण्याची खोली जवळ असते. तेथे बाटलीच्या दुधासाठी गरम पाणी मिळते आणि लंगोट बदलण्याची जागा वडिलांसाठीही खुली असते. बाबागाडी सभागृहात नेता येत नाही. ती कुठे ठेवायची ते दारावरच्या कर्मचाऱ्याला विचारावे. आत झोळी किंवा कडेवर बांधायचा पट्टाच सोयीचा.

आणि चित्रपट इंग्रजी असेल, तर तिकिटावर ‘जिमाकु’ आहे की ‘फुकिकाए’, ते नीट वाचावे. पहिल्यात मूळ भाषा ऐकू येते, दुसऱ्यात सारी पात्रे जपानीत बोलतात. बाळाला सांभाळत अर्धे लक्ष देऊन पाहायचे, तर कानाला सवयीची भाषा असलेली बरी.

पाळी

त्या जुलैच्या रात्री घरी आल्यावर आम्ही फारसे बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मी एक प्रस्ताव मांडला, पत्नीने त्यात दुरुस्त्या केल्या आणि तेव्हापासून तो आमच्या घराचा नियम आहे. चित्रपट सुरू होण्यापूर्वी पाळी ठरते. आज बाळ रडले तर मी उठणार, पुढच्या वेळी ती. ज्याची पाळी, त्याच्या मांडीवर बाळ आणि त्याचेच आसन टोकाचे. दुसऱ्याने उठायचे नाही, मागे वळून पाहायचे नाही आणि आत बसल्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचे नाही. ही शेवटची अट पाळणे पत्नीला सर्वांत कठीण गेले.

मला कठीण गेले ते वेगळेच. पहिल्यांदा रडत्या लेकीला घेऊन मी बाहेर आलो, तेव्हा तिला काय हवे आहे हे मला कळेना. तिला उभे धरलेले आवडते की आडवे, पाठीवर थोपटलेले की पायाला चोळलेले, हे मला ठाऊक नव्हते. आठ महिने मी तिचा बाप होतो आणि रडण्याच्या क्षणी तिला नेहमी दुसऱ्याच्या हाती देत आलो होतो. ऑक्टोबर २०२२ पासून जपानमध्ये वडिलांना जन्मानंतरच्या आठ आठवड्यांत चार आठवड्यांपर्यंत रजा घेता येते. ती दोन भागांतही घेता येते आणि रोजगार विमा भरणाऱ्या परदेशी कर्मचाऱ्यालाही लागू आहे. लेकीच्या जन्माच्या महिनाभर आधीच ती सुरू झाली होती. मी पाच दिवस घेतली. उरलेल्या दिवसांत जे शिकता आले असते, ते चित्रपटगृहाच्या गालिच्यावर शिकावे लागले. ज्यांच्या घरी बाळ येऊ घातले आहे, त्या तरुण मित्रांना माझे कळकळीचे सांगणे आहे: ती रजा पूर्ण घ्या.

राहिला तो हुकलेला चित्रपट. येथे महिन्याच्या पहिल्या दिवशी अनेक चित्रपटगृहांत तिकीट स्वस्त असते. २०२३ च्या उन्हाळ्यात मोठ्या साखळीत दोन हजार येनचे झालेले साधारण तिकीट त्या दिवशी तेराशेला मिळे. १ सप्टेंबर शुक्रवारी आला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, लेकीला घरी ठेवले आणि पत्नी एकटीच मियाझाकींचा चित्रपट पाहायला गेली. त्या दुपारी लेक सव्वा तास रडली आणि मग माझ्या छातीवर झोपली. मी दाराकडे पाहत बसून राहिलो. संध्याकाळी पत्नी आली ती स्थानकापासून चालत, हातात भित्तिपत्रकाचे छोटे पुस्तक घेऊन. मी विचारले, कसा वाटला? ती म्हणाली, “तू जो सांगितलास, तो हा नव्हेच.” आणि जेवणे होईपर्यंत आम्ही त्या बगळ्यावरून भांडलो. ‘कोर्ट’नंतर सहा वर्षांनी.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही लेकीला ‘आनपानमान’च्या चित्रपटाला नेले. १९८९ पासून येणाऱ्या या चित्रपटमालेतील नायक म्हणजे गोड सारणाचा पाव. भुकेल्याला तो आपल्याच चेहऱ्याचा तुकडा तोडून देतो. युद्धात उपासमार अनुभवलेल्या यानासे ताकाशी यांनी तो निर्माण केला. येथील असंख्य मुलांचा हा पहिला चित्रपट असतो. सभागृहही त्याच तयारीने असते. मुले बोलतात, नाचतात, मध्येच उठतात.

अर्ध्या तासाने लेकीला शू लागली. त्या दिवशी पाळी पत्नीची होती. मी पाय बाजूला घेऊन वाट करून दिली. पण लेक माझ्यासमोर येऊन थांबली आणि अंधारात तिने माझे बोट धरले. पत्नी पुन्हा आसनावर बसली. मी उठलो.